'३००' : संवाद अस्सल, इतिहास अर्धा

झॅक स्नायडर दिग्दर्शित '३००' हा चित्रपट २००७ साली जगभर प्रदर्शित झाला, आणि तेव्हापासून त्याच्या ऐतिहासिकतेविषयीचा वाद दोन ठरावीक विधानांभोवती घुटमळत राहिला आहे. एक बाजू म्हणते की हा इतिहास नव्हे. दुसरी बाजू विचारते की इतिहास सांगत असल्याचा दावा केला होता कोणी? दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, परंतु त्यातून चित्रपटाची पारख होत नाही. प्राचीन ग्रीक लेखकांचे ग्रंथ शेजारी ठेवून हा चित्रपट पाहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. जे संवाद निव्वळ टाळ्यांसाठी लिहिले असावेत असे वाटते, त्यांतील बहुतेक अडीच हजार नाही तरी एकोणीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहेत. आणि ज्या ग्रंथांतून ते उचलले, त्याच ग्रंथांतील ज्या गोष्टींमुळे त्या संवादांचा पुरता अर्थ लागतो, त्या मात्र पडद्यावर येतच नाहीत. राक्षसासारखे दिसणारे सैनिक आणि गेंडे दाखवल्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. जे वगळले त्याबद्दल आहे.

मूळ घटना थोडक्यात अशी. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा सम्राट झर्क्सिस प्रचंड सैन्य आणि आरमार घेऊन ग्रीसवर चालून आला. मध्य ग्रीसमध्ये उतरण्याच्या वाटेवर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी थर्मोपिलीची चिंचोळी खिंड होती. तिथे स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्या नेतृत्वाखाली ग्रीक नगरराज्यांच्या संयुक्त फौजेने दोन दिवस पर्शियन सैन्य अडवून धरले. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस एफिअल्टिस नावाच्या स्थानिक माणसाने डोंगरातली आडवाट शत्रूला दाखवली आणि तिसऱ्या दिवशी उरलेले बहुतेक ग्रीक वेढले जाऊन मारले गेले. या लढाईचा सर्वांत जुना सविस्तर वृत्तान्त प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या ग्रंथाच्या सातव्या भागात आहे. स्नायडरने मात्र थेट हिरोडोटस हाती घेतलेला नाही. फ्रँक मिलर यांनी १९९८ साली काढलेल्या आणि लिन व्हार्ली यांनी रंगवलेल्या कॉमिकवरून त्याने चित्रपट बनवला, आणि मिलर यांना ती कल्पना सुचली होती लहानपणी पाहिलेल्या १९६२ सालच्या एका चित्रपटावरून. त्या जुन्या चित्रपटाकडे पुढे येऊच.

चित्रपट म्हणून '३००' ची कामगिरी नाकारता येत नाही. जवळजवळ सगळे चित्रीकरण मॉन्ट्रियलमधील बंदिस्त स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर झाले आणि आकाश, समुद्र, कडे हे सारे नंतर संगणकावर रंगवले गेले. तांबूस-सोनेरी छटा, शाईने काढल्यासारख्या गडद सावल्या आणि त्यांत उठून दिसणारे लाल अंगरखे यांमुळे कॉमिकचे पान हलू लागल्याचा भास होतो. भाला फेकताना गती अचानक मंदावते, तो लागताच पुन्हा झपाट्याने वाढते. या तंत्राची नंतर इतक्या दिग्दर्शकांनी नक्कल केली की आज पाहताना त्याचा कंटाळा येण्याचीही शक्यता आहे, पण पहिल्या दिवसाच्या लढाईत लिओनिडास एकटा पुढे सरकतो आणि कॅमेरा त्याच्या बाजूने न तुटता सरकत राहतो, तो प्रसंग अजूनही दमदार वाटतो. जेरार्ड बटलरने लिओनिडास मोठ्या आवाजात उभा केला आहे. अभिनयात बारकावे शोधू नयेत, पण पडद्यावर त्याचा दरारा आहे. राणी गॉर्गोच्या भूमिकेतील लीना हेडीच्या वाट्याला तुलनेने कमजोर प्रसंग आले असून तिने ते सावरले आहेत. सुमारे साडेसहा कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभरात पंचेचाळीस कोटींहून अधिक डॉलरचा गल्ला जमवला, यात नवल नाही.

आता बचावाचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर विचार करण्याजोगा आहे. ही सगळी कथा डिलिओस नावाचा स्पार्टन सैनिक सांगतो आहे. एका डोळ्याने अधू होऊन परतलेला हा सैनिक पुढच्या वर्षीच्या प्लॅटियाच्या लढाईच्या तोंडावर आपल्या माणसांना स्फुरण चढावे म्हणून लिओनिडासची गोष्ट रंगवून सांगतो, आणि आपण जे पाहतो ते त्याच्या शब्दांतून उभे राहिलेले चित्र आहे. शेकोटीभोवती बसलेल्या सैनिकांना गोष्ट सांगणारा माणूस शत्रूला अक्राळविक्राळ करणारच, आपल्या राजाला देखणा करणारच, आणि लांडग्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटवणारच. आपल्याकडच्या शाहिराच्या पोवाड्यातही शत्रू असाच वाढत जातो. दिग्दर्शकाने ही चौकट मुद्दाम ठेवली आहे आणि तिच्यामुळे हातांच्या जागी पाती असलेला जल्लाद, साखळदंडांनी बांधलेला महाकाय, चांदीच्या मुखवट्यांमागचे विद्रूप चेहरे या सर्व गोष्टी मी तरी बिनतक्रार स्वीकारतो. खुद्द हिरोडोटसनेही झर्क्सिसच्या पायदळाचा आकडा सतरा लाख दिला आहे आणि नोकरचाकर धरून सारा जमाव पन्नास लाखांच्या पलीकडे नेला आहे. आजचे अभ्यासक एक ते तीन लाखांच्या आसपासचा अंदाज करतात. अतिशयोक्ती या कथेत पहिल्यापासूनच मुरलेली आहे.

परंतु ही चौकट वाढवून सांगण्याचे समर्थन करते. काय सांगायचे टाळले, याचा हिशेब तिच्या आडोशाने चुकवता येत नाही, कारण टाळण्याचा निर्णय डिलिओसचा नसून पटकथाकारांचा आहे.

संवादांपासून सुरुवात करू. आमच्या बाणांनी सूर्य झाकला जाईल असे पर्शियन दूत धमकावतो तेव्हा तरुण स्टेलिओस उत्तर देतो की मग आम्ही सावलीत लढू. मायकल फासबेंडरच्या तोंडी आलेले हे वाक्य हिरोडोटसने डायनेकिस नावाच्या स्पार्टन योद्ध्याच्या नावावर नोंदवले आहे. शस्त्रे खाली ठेवा म्हटल्यावर 'या आणि घेऊन जा' हे लिओनिडासचे उत्तर ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने स्पार्टन लोकांच्या वचनांच्या संग्रहात दिले आहे. आता पोटभर न्याहारी करा, रात्रीचे जेवण मृतांच्या लोकात होणार आहे, हे वाक्यही प्राचीन आहे. ढाल घेऊन ये किंवा ढालीवरून ये, हा निरोप प्लुटार्कच्या मते एका अनाम आईने मुलाला दिला होता. चित्रपटात तो गॉर्गो नवऱ्याला देते. पुरुषांना जन्म देतात त्या फक्त स्पार्टाच्याच बायका, हे गॉर्गोचे उत्तर मूळ कथेत पर्शियन दूताला नसून अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिकाच्या एका स्त्रीला होते. प्लुटार्क हा लढाईनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे ही वचने लिओनिडासने खरोखर उच्चारली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु पटकथेने ती हवेतून काढलेली नाहीत, आणि या बाबतीत '३००' हा त्याच्या टीकाकारांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वाचलेल्या माणसांचा चित्रपट आहे. त्याचे अज्ञान खरे नाही, म्हणूनच त्याची निवड डोळ्यांत खुपते.

सर्वांत गाजलेल्या प्रसंगांपैकी एक पाहा. वाटेत आर्केडियन लोकांची तुकडी भेटते आणि फक्त तीनशे माणसे आणलीत का म्हणून त्यांचा नायक कुरकुरतो. लिओनिडास त्याच्या माणसांना एकेकाचा धंदा विचारतो. कोणी कुंभार निघतो, कोणी शिल्पकार, कोणी लोहार. मग तो आपल्या सैनिकांना तोच प्रश्न करतो, ते भाले उंचावून गर्जना करतात, आणि राजा हसून म्हणतो की तुझ्यापेक्षा मीच जास्त सैनिक आणलेत. हा प्रसंगही प्राचीन कथेवर बेतलेला आहे: लिओनिडासनंतर सुमारे शतकभराने होऊन गेलेल्या एजिसिलाउस या स्पार्टन राजाने मित्रराज्यांच्या सैनिकांना धंद्यावार उभे करून हीच गोष्ट दाखवून दिल्याचे प्लुटार्क सांगतो. पण या प्रसंगातून जो साधा प्रश्न उभा राहतो, तो चित्रपट कुणालाच विचारू देत नाही. स्पार्टात कुंभार नव्हते, शेतकरी नव्हते, लोहार नव्हते, तर हे लोक खात काय होते?

उत्तर आहे हेलॉट. लॅकोनिया आणि विशेषतः शेजारचा मेसेनिया हे प्रदेश जिंकून तिथल्या रहिवाशांना स्पार्टाने पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला जखडलेले वेठबिगार करून टाकले होते. शेत त्यांनी कसायचे, ठरलेला वाटा स्पार्टन धन्याच्या घरी पोहोचवायचा, आणि युद्धाच्या वेळी त्याचे सामान वाहायचे. पूर्ण नागरिक असलेला स्पार्टन पुरुष आयुष्यभर फक्त लढाईचा सराव करू शकत होता तो या श्रमाच्या बळावर. हेलॉटांची संख्या धन्यांपेक्षा फार मोठी होती, आणि स्पार्टाची लष्करी शिस्त ही बाहेरच्या शत्रूइतकीच या घरच्या बहुसंख्येच्या भीतीतून आलेली होती, असे अनेक इतिहासकार मानतात. अ‍ॅरिस्टॉटलचा हवाला देऊन प्लुटार्क नोंदवतो की दरवर्षी अधिकारावर येणारे इफोर नावाचे स्पार्टन अधिकारी हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत, जेणेकरून त्यांना मारल्याचे पाप लागू नये.

चित्रपटाच्या सुरुवातीला कोवळ्या वयाच्या लिओनिडासला बर्फात एकटे सोडले जाते आणि तो लांडग्याला चिंचोळ्या घळीत ओढून भाल्याने मारतो. ही कसोटी पार करून तो राजा म्हणून परततो. पुढे येणाऱ्या खिंडीच्या लढाईची ती सूचना आहे, आणि दृश्य म्हणून उत्तम जमली आहे. पण तरुणांना एकटे रानात पाठवण्याची जी स्पार्टन प्रथा प्लुटार्क वर्णन करतो, तिचे नाव क्रिप्टेया, आणि तिच्यात खंजीर घेऊन गेलेले तरुण दिवसा लपून राहात व रात्री रस्त्यावर सापडलेल्या हेलॉटांना मारीत. हेलॉटाच्या जागी लांडगा ठेवला की कसोटी वीराची होते. हा एक बदल माझ्या मते सगळ्या गेंड्यांहून आणि हत्तींहून मोठा आहे.

थर्मोपिलीतही हेलॉट होतेच. डोळे आलेला युरिटस नावाचा स्पार्टन सैनिक आपल्या हेलॉटाला हात धरून रणात न्यायला सांगतो आणि लढाईत शिरून मरतो, असा प्रसंग हिरोडोटसने दिला आहे. लढाईनंतर पडलेल्या प्रेतांतही हेलॉट होते, असे तो पुढे सांगतो. चित्रपटाच्या अखेरीस डिलिओस गर्वाने सांगतो की आज प्लॅटियाच्या मैदानावर दहा हजार स्पार्टन तीस हजार स्वतंत्र ग्रीकांचे नेतृत्व करीत आहेत. आकडे जवळजवळ बरोबर आहेत, कारण हिरोडोटसच्या मते स्पार्टाच्या राज्यातून आलेले दहा हजार जड शस्त्रधारी तिथे होते आणि एकूण ग्रीक शस्त्रधाऱ्यांची संख्या ३८,७०० होती. मात्र त्या दहा हजारांतले पूर्ण नागरिक पाच हजारच होते, आणि त्या पाच हजारांपैकी प्रत्येकामागे सात, असे पस्तीस हजार हेलॉट त्याच रणांगणावर हजर असल्याची नोंद हिरोडोटसने केलेली आहे. ज्या ग्रंथातून दहा हजार घेतले, त्याच ग्रंथातून पस्तीस हजार गाळले. दोन तास स्वातंत्र्य हा शब्द घुमवणाऱ्या चित्रपटात ही काटछाट सहज झाली असेल, असे मानणे कठीण आहे.

स्पार्टाची राज्यव्यवस्थाही अशीच छाटली गेली आहे. चित्रपटातील इफोर हे कड्यावरच्या देवळात राहणारे, महारोगाने सडलेले, लाचखाऊ पुजारी आहेत आणि ते एका नशेत डोलणाऱ्या कोवळ्या मुलीकडून भविष्य वदवून घेतात. प्रत्यक्षात इफोर हे नागरिकांनी एका वर्षासाठी निवडून दिलेले पाच अधिकारी होते. राजांवर अंकुश ठेवणे हे त्यांचे काम होते. राजे एका वेळी दोन असत, ही गोष्टही चित्रपटात कुठे नाही. भविष्यवाणी डेल्फीच्या देवळातून आली होती. कार्निया या धार्मिक उत्सवामुळे पूर्ण सैन्य पाठवता आले नाही, हा धागा चित्रपटाने उचलला आहे आणि तो खरा आहे. मात्र हिरोडोटसच्या सांगण्यानुसार लिओनिडासची तुकडी ही स्पार्टाने अधिकृतपणे पुढे पाठवलेली आघाडीची फौज होती, फिरायला निघाल्याचा बहाणा करून कायदा मोडणाऱ्या बंडखोर राजाचे ते साहस नव्हते. ज्यांना जिवंत मुलगे आहेत अशीच माणसे त्याने बरोबर घेतली, हे मात्र पटकथेने इमानाने ठेवले आहे. डॉमिनिक वेस्टने साकारलेला फितूर थेरॉन आणि त्याच्याभोवतीचे सारे राजकारण काल्पनिक असून चित्रपटाचा तोच भाग सर्वांत रटाळ आहे.

लिओनिडासने लाथ मारून विहिरीत ढकललेल्या दूताचा प्रसंग तर सगळ्या जगाला पाठ झाला आहे. तो इतिहासात आहे, फक्त दहा वर्षे आधीचा. झर्क्सिसचा बाप दारियस याने शरणागतीची खूण म्हणून माती आणि पाणी मागायला पाठवलेल्या दूतांना स्पार्टाने विहिरीत टाकले व हवे ते तिथूनच घ्या म्हणून सांगितले. नंतर मात्र स्पार्टन लोकांना या अधर्माची धास्ती वाटू लागली. प्रायश्चित्त म्हणून स्पर्थियस आणि बुलिस हे दोन नागरिक आपला जीव द्यायला स्वतःहून झर्क्सिसच्या दरबारी गेले. झर्क्सिसने त्यांना परत पाठवले आणि म्हटले की दूतांना मारून तुम्ही सर्व मानवजातीचा नियम मोडलात, तसे मी करणार नाही. पर्शियन राजाचा हा मोठेपणा एका ग्रीक लेखकाने लिहून ठेवला आहे. चित्रपटाला त्यातली फक्त लाथ दिसली.

लिओनिडासबरोबर शेवटपर्यंत राहिले कोण, हा दुसरा मोठा प्रश्न. पहिल्या दोन दिवसांत खिंडीत पाच ते सात हजार ग्रीक होते. आडवाटेने शत्रू मागे उतरल्याचे कळल्यावर लिओनिडासने बहुतेकांना परत पाठवले. तेव्हा थेस्पिया या लहानशा नगराचे सातशे सैनिक डिमोफिलस या आपल्या सेनापतीसह स्वखुशीने थांबले आणि एकूण एक मारले गेले. थीब्झचे चारशे जणही मागे राहिले होते. त्यांनी अखेर शरणागती पत्करली, आणि त्यांच्या निष्ठेविषयी हिरोडोटसने केलेल्या आरोपांवर प्लुटार्कने त्याला चांगलेच फैलावर घेतले आहे. थेस्पियाच्या लोकांचे शौर्य मला स्पार्टन शौर्यापेक्षा अधिक थोर वाटते, कारण त्यांना लहानपणापासून मरायला शिकवलेले नव्हते. ते चित्रपटातल्या त्या कुंभार-लोहारांपैकीच होते. नंतर झर्क्सिसने त्यांचे गाव जाळले, आणि पुढच्या वर्षी प्लॅटियाला त्या गावचे उरलेले अठराशे लोक आले ते पुरेशी जड शस्त्रेही नसताना. स्नायडरच्या चित्रपटात आर्केडियन निघून जातात आणि मागे केवळ स्पार्टन उरतात. धंदा विचारण्याच्या प्रसंगातली चेष्टा अशा रीतीने शेवटी खरी ठरवली जाते. थर्मोपिलीला लिओनिडासचे स्मारक १९५५ साली उभे राहिले, थेस्पियन वीरांचे १९९७ साली. '३००' त्यानंतर दहा वर्षांनी आला.

वेळ नव्हता, ही सबब इथे चालत नाही. मिलर यांना प्रेरणा देणाऱ्या १९६२ सालच्या त्याच चित्रपटात थेस्पियाचे सातशे लोक आहेत, अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लिस आहे आणि समुद्रावरच्या आघाडीचाही विचार आहे. लढाई समुद्रावरही चालू होती, हे फार महत्त्वाचे. थर्मोपिलीत सैन्य उभे होते त्याच दिवसांत जवळच्या आर्टेमिसियमला २७१ ग्रीक युद्धनौका पर्शियन आरमाराला तोंड देत होत्या. त्यांतल्या १२७ एकट्या अथेन्सने दिल्या होत्या. आरमार नसते तर शत्रूने खिंडीच्या मागे सैन्य उतरवले असते आणि लिओनिडासची लढाई पहिल्याच दिवशी संपली असती. चित्रपटात वादळाने पर्शियन जहाजे बुडताना दिसतात, आणि ते वादळ खरे आहे. ग्रीकांचे एकही जहाज मात्र दिसत नाही. अथेन्सच्या वाट्याला येते ती लिओनिडासने त्यांच्या समलिंगी संबंधांवरून केलेली कुचेष्टा, आणि तीही अशा राज्याच्या राजाकडून, जिथे प्रौढ पुरुष व किशोर यांच्यातील निकटचे नाते शिक्षणाचाच भाग असल्याचे प्राचीन लेखक सांगतात.

लढाईच्या तंत्राबद्दल चित्रपट निम्मा बरोबर आहे. हॉप्लाइट म्हणजे जड शस्त्रधारी ग्रीक सैनिकाची ढाल जवळजवळ तीन फूट व्यासाची असे आणि ती धारण करणाऱ्याच्या डाव्या बाजूला पसरून शेजाऱ्यालाही झाकत असे. म्हणून ओळ तुटली की सगळेच उघडे पडत. लिओनिडास कुबड असलेल्या एफिअल्टिसला ढाल उचलून दाखवायला सांगतो आणि ती पुरेशी वर जात नाही म्हणून त्याला नकार देतो, त्या प्रसंगात हे तंत्र अचूक समजावले आहे. ऐतिहासिक एफिअल्टिस मात्र स्पार्टन नव्हता की व्यंग असलेला नव्हता; तो त्याच भागातला, बक्षिसाच्या आशेने आलेला माणूस होता. विद्रूप शरीर म्हणजे फितूर मन, ही मिलर यांच्या कॉमिकमधून चित्रपटात आलेली भर आहे आणि ती हिणकस आहे. पहिल्या धडकेत ढालींची भिंत पुढे रेटण्याचे दृश्य उत्तम साधले आहे. दोनच मिनिटांत सगळे ओळ सोडून एकेकटे नाचू लागतात, ते मात्र खऱ्या खिंडीत आत्मघात ठरले असते. उघडी छाती आणि कातडी चड्डी यांविषयी बोलण्यासारखे फार नाही. कांस्याचे किंवा जाड तागाच्या थरांचे चिलखत आणि पोटऱ्यांवरची कवचे, हीच तर ग्रीकांची जमेची बाजू होती, कारण समोरच्या पर्शियन सैनिकांचे भाले आखूड आणि ढाली वेताच्या होत्या. पळ काढल्याचे सोंग करून शत्रू अंगावर येताच एकदम वळून तुटून पडायचे, ही स्पार्टन युक्ती हिरोडोटसने वर्णन केली आहे. ती पडद्यावर किती रंगली असती! शेवटचा बाणांचा पाऊस मात्र पूर्ण विश्वसनीय आहे. अखेरची झुंज ज्या टेकाडावर झाली तिथे स्पिरिडॉन मॅरिनाटोस यांनी १९३९ साली केलेल्या उत्खननात बाणांची असंख्य टोके सापडली.

पर्शियन बाजूचे चित्रण पाहून इराणमध्ये संताप उसळला आणि तिथल्या सरकारनेही निषेध नोंदवला. ते स्वाभाविक होते. रॉड्रिगो सांतोरोचा झर्क्सिस हा केस काढलेला, अंगभर कड्या टोचलेला, स्वतःला देव म्हणवणारा महाकाय पुरुष आहे. उंचीला तेवढा आधार सापडतो, कारण रूप आणि देहयष्टी यांत एवढ्या जमावात झर्क्सिसच्या तोडीचा कोणी नव्हता असे हिरोडोटस म्हणतो. पण पर्शियन राजधानी पर्सेपोलिसच्या शिल्पांतले पर्शियन राजे लांब दाढीचे आणि पायघोळ वस्त्रांतले आहेत, आणि झर्क्सिसचे स्वतःचे शिलालेख त्याला राजा केल्याचे श्रेय अहुरमज्दा या देवाला देतात. देव असल्याचा दावा तो करीत नाही. मुंबईच्या पारशी समाजात झर्क्सिस हे नाव आजही अभिमानाने ठेवले जाते. टायटन घड्याळांचा उद्योग उभारणारे झर्क्सिस देसाई अनेकांना आठवतील. अहुरमज्दाला मानणाऱ्या राजाला असे रंगवलेले पाहून त्या समाजातल्या प्रेक्षकाला काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. 'अमर' म्हणवल्या जाणाऱ्या दहा हजारांच्या पथकाला चित्रपटाने मुखवटे चढवले आहेत. सुसाच्या राजवाड्यातल्या, आता लूव्ह्र संग्रहालयात असलेल्या रंगीत विटांच्या भिंतीवर नक्षीदार झगे घातलेले, हाती भाला धरलेले जे शांत धनुर्धारी दिसतात, ते याच पथकातले असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. हत्ती आणि गेंडे झर्क्सिसच्या सैन्यात असल्याचे हिरोडोटस सांगत नाही, उंट सांगतो. सुती कपडे घातलेले, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकांचे बाण घेतलेले भारतीय सैनिकही त्याच्या यादीत आहेत, आणि एवढ्या मोठ्या वेशभूषा-विभागाला ते सुचू नयेत, हे आश्चर्य आहे.

पटकथेने नाकारलेले नाट्य किती मोलाचे होते, हे दोन व्यक्तिरेखांवरून दिसते. पहिली गॉर्गो. चित्रपटात तिला मते मिळवण्यासाठी शरीर द्यावे लागते आणि मग भर सभेत ती थेरॉनला भोसकते. हिरोडोटसची गॉर्गो आठ-नऊ वर्षांची असताना परक्या पाहुण्याच्या लाचेपासून आपल्या बापाला सावध करते. पुढे झर्क्सिसच्या आश्रयाला असलेला पदच्युत स्पार्टन राजा डिमाराटस मेणाचा थर दिलेली कोरी पाटी गुपचूप स्पार्टाला पाठवतो, शहाण्यासुरत्यांना तिचा उलगडा होत नाही, आणि मेण खरवडून काढा, खाली लाकडावर मजकूर असेल, असे गॉर्गो सांगते. स्वारीची आगाऊ वर्दी अशी मिळाली. दुसरा अरिस्टोडीमस, ज्याच्यावरून डिलिओस बेतला असावा. डोळ्यांच्या विकारामुळे लिओनिडासने युरिटसबरोबर यालाही मागे पाठवले होते. युरिटस परत जाऊन मेला, हा जिवंत घरी आला. स्पार्टात त्याला कोणी चुलीसाठी विस्तव देईना, कोणी त्याच्याशी बोलेना, भेकड हेच त्याचे नाव पडले. प्लॅटियाला तो ओळ सोडून वेड्यासारखा लढला आणि मेला. हिरोडोटसच्या मते त्या दिवशीचा सर्वांत शूर तोच होता, तरी त्याला मरायचेच होते या कारणाने स्पार्टाने त्याला सन्मान नाकारला. चित्रपटाने या माणसाला सन्मान्य कथेकरी आणि सेनानायक करून टाकले.

प्रौढ प्रेक्षकाने दृश्यांसाठी हा चित्रपट मोठ्या पडद्यावर किंवा चांगल्या ध्वनियंत्रणेवर जरूर पाहावा. रक्तपात आणि लैंगिक हिंसा यांमुळे शाळकरी मुलांना तो दाखवू नये, आणि इतिहासाच्या तासाला तर नाहीच. ज्यांना तो आवडेल त्यांनी हिरोडोटसचा सातवा भाग काढून वाचावा. २०१४ साली आलेला उत्तरार्ध टाळला तरी चालेल. त्यात राहून गेलेल्या समुद्री लढाईची भरपाई करण्याचा प्रयत्न आहे, पण दारियस मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर थेमिस्टोक्लिसच्या बाणाने कोसळतो, जिथे तो प्रत्यक्षात गेलाच नव्हता. आणि हॅलिकार्नेससची राणी आर्टेमिसिया सगळ्या पर्शियन आरमाराची सेनापती होऊन शेवटी सॅलमिसच्या समुद्री लढाईत मारली जाते. हिरोडोटस त्याच हॅलिकार्नेसस गावचा. त्याच्या ग्रंथातली आर्टेमिसिया पाच जहाजे घेऊन येते, सॅलमिसला समुद्रात लढू नका असे झर्क्सिसला एकटीच स्पष्ट सांगते, लढाईत कोंडीत सापडल्यावर आपल्याच पक्षाचे जहाज धडक देऊन बुडवते व निसटते, आणि झर्क्सिस आपली मुले सुखरूप पोहोचवण्यासाठी तिच्याच हवाली करतो.